मिठाच्या डब्याचं उलटं झाकण

आमच्या शाळेच्या स्वयंपाकखोलीत मिठाचा एक मोठा स्टीलचा डबा आहे. पातेल्यात मीठ पडलं की त्या डब्याचं झाकण उलटं ठेवायचं. झाकण सुलटं असलं तर मीठ अजून पडायचं आहे. ही खूण माझी आणि माझ्या जोडीदारणीची. गावात दुसऱ्या कुठल्या घरी अशी खूण असेल असं मला वाटत नाही, कारण बाकीच्या बाया एकमेकींना सरळ विचारतात, मीठ टाकलं का म्हणून. आमच्याकडे ते जमत नव्हतं. माझी जोडीदारीण नात्यानं माझी थोरली चुलत जाऊ. मी त्यांना बाई म्हणते. बाई सकाळी गॅस पेटवल्यापासून ज्या बोलायला लागतात त्या भांडी पालथी घालेपर्यंत. आणि माझा आवाज असा, की मी विचारलं तरी त्यांच्या बोलण्याखाली दबून जायचं. एकदा दोघींनीही मीठ टाकलं. त्या दिवशी पोरांनी शाळेची अर्धी टाकी पिऊन टाकली. त्यानंतर झाकणाची खूण निघाली.

शाळा पहिली ते चौथी, पोरं साठ-पासष्ट. इंझोरीहून थोडं आत आमचं गाव आहे. आम्ही दोघी रोज शिजवतो. वारानुसार जे ठरलेलं असतं ते, मसालेभात, मटकीची उसळ, वरण-भात, मुगाची खिचडी. पोरं बाईंना मोठी मावशी म्हणतात आणि मला हळू मावशी. हे नाव कोणी ठेवलं ते माहीत नाही, पण मला आवडतं.

मी स्वतः चौथी शिकलेली. माहेरच्या गावात चौथीपर्यंतच शाळा होती, पाचवीला अनसिंगला जावं लागलं असतं, ते झालं नाही. तरी लिहायची सवय राहिली. पोराच्या गणिताच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांत लिहिते आणि वही गव्हाच्या डब्यामागे ठेवते. कोणाला दाखवत नाही. लिहिताना माझा आवाज चांगला मोठा निघतो.

मला जे लिहायचं आहे ते असं, की मी एका वाक्यानं एका लेकराचं जेवण बंद केलं होतं, आणि ते परत सुरू होईल की नाही या काळजीत माझा एक महिना गेला. महिना काळजीचा होता, पण खरं लिहायचं तर जन्मात मी इतकी कधी हसले नव्हते. माझं हसणं काही बरं नाही. आवाज निघत नाही, नुसते खांदे हलतात, डोळ्यांतून पाणी येतं आणि शेवटी उचकी लागते. तो सगळा महिना माझी उचकी काही थांबली नाही.

पहिलीत एक पोरगी आली होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, समोरचे दोन दात पडलेले. शाळा सुरू होऊन महिनाच झाला असेल. मसालेभाताचा दिवस होता. तिनं एकदा घेतला, दुसऱ्यांदा घेतला आणि तिसऱ्यांदा ताट वर केलं. "मावशी, अजून."

शिजवणाऱ्या बाईला याहून मोठा आनंद नाही. मला इतका आनंद झाला की माझ्या तोंडून, आयुष्यात पहिल्यांदाच, वेळेवर आणि मोठ्यानं एक वाक्य निघालं.

"काहून वं, पोटात कोठी हाय का तुह्या?"

कोठी म्हणजे घराघरात असते ती, ज्वारी साठवायची पत्र्याची. सगळी पंगत हसली. भिंतीपासून भिंतीपर्यंत पोरं हसली, गुरुजी हसले, बाई तर झारा हातात धरून वाकल्या. माझ्या विनोदावर साठ माणसं हसण्याची ती पहिलीच वेळ. मी इतकी खूश झाले की घरी जाताना वाटेनं ते वाक्य चार वेळा मनात म्हटलं. तिची मान खाली गेली होती ते मी पाहिलं होतं, पण मला वाटलं लाजली.

दुसऱ्या दिवशी तिनं एक पळी घेतली आणि हात आडवा धरला. "बस." तिसऱ्या दिवशीही एक पळी. तीही अर्धी ताटातच राहिली. चौथ्या दिवशी ती हात धुवायला उठली तेव्हा मागून दोन-तीन पोरं म्हणाली, "कोठी चालली, कोठी चालली." मग मला कळलं की माझा विनोद माझ्याकडे राहिलेला नाही. तो शाळेचा झाला आहे.

एक दिवस तिची आई हापशीवर भेटली. ती मजुरीनं निंदणाला जाते, घाईत असते. धारेखाली पाण्याची गुंडी धरून म्हणाली, "तुमी शाळेत शिजवता ना वं? पोरगी घरी येते अन् भाकरीवर पडते, जशी आठ दिवसाची उपाशी हाय. शाळेत जेवत नाई का? इचारलं तर सांगत नाई."

मी म्हणाले, "जेवते थोडं थोडं."

"घरी तर बम जेवते. शाळेतच काय होते तिले?"

काय होते ते मला माहीत होतं. मी माझी भरलेली गुंडी उचलली आणि आले. वाटेनं गुंडीतलं पाणी हिंदकळून माझ्या पाठीवर पडत होतं आणि मला ते बरंच वाटलं.

कारण मला स्वतःचं आठवलं होतं. मी तिच्याएवढी असताना जयंतीच्या दिवशी आमच्या विहारासमोर गावजेवण होतं. बुंदी होती. मी दुसऱ्यांदा मागितली तर वाढणारे काका म्हणाले, "या पोरीले पोतंच द्या बाप्पा." वाईट मनानं म्हणाले नाहीत, मायेनंच म्हणाले. पण त्यानंतर मी लग्नात, बारशात, कुठेच पोटभर जेवले नाही. आजही चार माणसांत मी म्हणते, नको, बस. आणि घरी येऊन भाकर खाते. एवढं सगळं ठाऊक असून मी तेच वाक्य उचलून दुसऱ्या लेकराच्या ताटात टाकलं.

त्याच सुमारास शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. वाशिमच्या. उंच, चष्म्याच्या, चालताना चपलेचा आवाज न करणाऱ्या. आठ दिवस त्यांनी पंगतीच्या कडेला उभं राहून नुसतं ऐकलं. मग आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, काढून टाकतात. बाई म्हणाल्या, "भिऊ नको, मी बोलतो." त्या भिऊ नको म्हणतात तेव्हा मला जास्त भीती वाटते.

म्याडम म्हणाल्या, "स्वयंपाक तुमचा चांगला आहे. मला बोलण्याबद्दल सांगायचंय. उद्यापासून पंगतीत तीन गोष्टी बोलायच्या नाहीत. संपव नाहीतर अमुक होईल, हे नाही. हे खाल्लंस तर ते देईन, हे नाही. आणि कोण किती खातं, कमी की जास्त, यावर एक शब्दसुद्धा नाही."

तिसरं ऐकताना माझे कान तापले.

बाई म्हणाल्या, "म्याडम, मंग बोलावं काय? मुक्यानं वाढावं?"

"ताटात जे आहे त्याबद्दल बोला ना. कसं दिसतं, कुठून आलं, कसं लागतं."

"कसं लागते म्हंजे? वांगं वांग्यासारखं लागते."

"वांग्यासारखं म्हणजे कसं?"

बाईंचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काही निघालं नाही. माझ्या माहितीत ती पहिलीच वेळ. मी पदर तोंडात कोंबला, पण खांदे हलायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली तेव्हा शाळेत इतकी शांतता होती की शेजारच्या घरातले लोक पाहायला आले. बाई वाढत होत्या आणि ओठ हलवत होत्या. "खा लवकर, नाईतर..." एवढं म्हणून थांबायच्या, पुढच्या ताटाकडे जायच्या. "हे संपवलं तर..." पुन्हा थांबायच्या. शेवटी एका पोरापुढे उभ्या राहून त्यांनी जोर लावून म्हटलं, "हा भात हाय." पोरगा म्हणाला, "हाव, मावशी." "पांढरा हाय." "हाव." बाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "झालं बाप्पा माह्यं." मला तिथेच उचकी लागली.

आता चवीचं सांगते. पोरांना वाढायच्या आधी मोठ्या माणसानं चव पाहायची आणि वहीत लिहायचं, असा नियम आहे. आमच्याकडे चव पाहायला शाळा समितीचे अध्यक्ष यायचे. म्हातारे, पांढऱ्या मिशांचे, फार चांगले गृहस्थ. पण त्यांच्या गालात सकाळपासून खर्रा. सुपारी-तंबाखूचा तो घोटलेला चुरा एकदा तोंडात बसला की गूळ आणि गोटा सारखाच. ते चमच्यात थोडं घ्यायचे, नाकाशी न्यायचे, चमचा खाली ठेवायचे आणि वहीत लिहायचे, चव उत्तम. रोज. ज्या दिवशी पोरांनी टाकी पिऊन टाकली त्या दिवशीही वहीत उत्तमच आहे.

म्याडमनी ती वही चाळली. काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या की अध्यक्षांची सही राहील, पण आजपासून रोज एक लेकरूही चव पाहील आणि सगळ्यांसमोर सांगेल. एकेका वर्गातून, हजेरीच्या क्रमानं, सगळ्यांची पाळी. छान, मस्त आणि उत्तम हे शब्द चालणार नाहीत.

पहिल्या दिवशी चौथीतली एक पोरगी उभी राहिली. मटकीची उसळ होती. तिनं बराच वेळ चावलं आणि म्हणाली, "दाताखाली टुचकन फुटते, अन् मंग मऊ लागते. जशी नवी गादी." बाई माझ्या कानात म्हणाल्या, "यांच्या घरी नवी गादी कवा आली वं?"

दुसऱ्या दिवशी दुसरीतल्या पोरानं दुधी घातलेली आमटी चाखली. "हे पाण्यानं भाजीचं सोंग घेतलं," तो म्हणाला. ती आमटी मी केली होती. मला राग यायला हवा होता, पण त्याचं म्हणणं इतकं बरोबर होतं की मी स्वयंपाकखोलीच्या मागे जाऊन भिंतीला धरून हसले. दुसऱ्या दिवसापासून दुधीत फोडणी वाढवली.

आणि तिसऱ्या दिवशी अध्यक्षांचा नातूच उभा राहिला. मोकळा भात खाऊन म्हणाला, "हा भात माह्या आबाच्या मिशीसारखा लागते."

म्याडम म्हणाल्या, "आबांची मिशी तू खाल्लीस का रे?"

"पापी घेते तवा तोंडात येते."

अध्यक्ष बाजूच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी हळूच मिशीवरून हात फिरवला आणि मग त्या हाताकडे पाहिलं. गुरुजी फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, म्याडमनी चष्मा काढला आणि बाई तर सरळ खालीच बसल्या.

हे वेड सगळ्या गावात पसरलं. पोरं घरी जाऊन आयांना सांगायला लागली की तुझं पिठलं आज घाबरलेलं आहे, तुझी भाकर कडेनं रुसली आहे. बाया हापशीवर आम्हाला बोलायच्या, काय शिकवून राह्यल्या बाप्पा तुमी. मी घरी एकदा धीर केला. आमचे हे मेथीची भाजी खात होते. मी विचारलं, "कशी लागते?"

त्यांनी घास तोंडातच थांबवला. "काहून? काही पडलं का त्यात?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कधी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, नाही, काही पडलं नाही, सहजच. ते जपून चावत राहिले. ताट संपवून, हात धुऊन, बाजेवर बसल्यावर म्हणाले, "कडू हाय, पण रागानं कडू नाई." मी उठून आत गेले आणि खांदे हलेपर्यंत हसले. इतकं मोठं वाक्य ते माझ्या स्वयंपाकाबद्दल कधी बोलले नव्हते.

पण लाल रिबिनीची पोरगी रोज एक पळी घेत होती आणि हात आडवा धरत होती.

मी वाटेनं तयारी करायला लागले. शाळेत जाताना दोन्ही बाजूंना तूर आहे, सकाळी तिथे कोणी नसतं. मी एकेक वाक्य मोठ्यानं म्हणून पाहायची. हा भोपळा काल वेलावर होता. ही मिरची तिखट नाई, नुसती हिरवी हाय. एकदा हातात भोपळा घेऊन त्यालाच सांगत होते की तू काल वेलावर होता, तर मागून बाई आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भोपळ्याकडे पाहिलं. "माह्याशी बोलत नाई वर्षानुवर्षं," त्या म्हणाल्या, "अन् भोपळ्याशी बोलून राह्यली."

त्या दिवशी मी वाढताना तिच्यापुढे थांबले. वरणावर सांबार टाकलेला होता, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी म्हणाले, "हा सांबार माह्या दारचा हाय."

तिनं ताटात पाहिलं. "त्याले पाणी कोण टाकते?"

"मी."

"रोज?"

"रोज."

तिनं बोटांनी एक पान उचललं आणि खाल्लं. बाकी काही नाही. मी स्वयंपाकखोलीत धावत आले आणि बाईंना सांगितलं, एक पान खाल्लं. बाई म्हणाल्या, "शेळी हाय का थे?" पण त्याही दारातून वाकून पाहत होत्या.

त्याच दुपारी मी म्याडमच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या काहीतरी लिहीत होत्या. मी म्हणाले, "म्याडम, कोठी मी म्हटलं होतं." त्यांना आधी समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं, मसालेभातापासून. एवढं सलग मी कोणाशी बोलले नव्हते. मध्येच मला तहान लागली.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तिला सांगितलंत का?"

"काय?"

"की तुमचं चुकलं म्हणून."

लेकराला चुकलं म्हणतात हे मला माहीतच नव्हतं. मला कोणी म्हटलं नव्हतं, मी माझ्या पोराला म्हटलं नव्हतं. मी मान हलवली आणि निघून आले, पण ते जमेल असं वाटलं नाही. भोपळ्याला सांगून पाहिलं, भोपळ्यालाही नीट सांगता आलं नाही.

आणि मग तो गुरुवार आला. वरण-भाताचा दिवस. वरण उकळत होतं, फोडणी पडली होती. मी मिठाच्या डब्याचं झाकण काढून, सवयीनं उलटं ठेवलं, डावात मीठ घेतलं, तेवढ्यात म्याडमनी मला बाहेर बोलावलं. मी डाव खिडकीत ठेवला आणि गेले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आज चव सांगायची पाळी तिची आहे. हजेरीत तिचंच नाव येतंय. तुम्ही जवळ उभ्या राहा."

सगळ्या शाळेसमोर तिला तोंडात घास घालायचा होता. कोणी कोठी म्हटलं तर ती वाटी खाली ठेवेल आणि मग ती पळीभरही घेणार नाही, हे मला दिसत होतं. मी आत आले, झाकण उलटं पाहिलं, म्हटलं मीठ पडलं आहे. पातेलं उतरवलं.

पंगत बसली. अध्यक्षांनी चमचा नाकाशी नेला, वहीत लिहिलं, चव उत्तम, आणि सही केली. म्याडम लेकरानंतर चव पाहायच्या, म्हणून त्या नुसत्या उभ्या होत्या. पोरगी पुढे आली. मी तिच्या हातात वाटी दिली. शेवटच्या रांगेतून कोणीतरी म्हटलं, "कोठी." हळूच म्हटलं, पण हळू आवाज मला फार चांगले ऐकू येतात. तिलाही ऐकू आलं. ती वाटीत पाहत राहिली.

मी काहीच करू शकले नाही. नुसती तिच्या शेजारी उभी राहिले, इतकी जवळ की तिची वेणी माझ्या हाताला लागत होती.

तिनं वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला. थांबली. कपाळाला आठी घातली आणि दुसरा घोट घेतला. मग तिसरा.

"मावशी," ती म्हणाली, "हे वरण अजून झोपून हाय."

पोरं हसली. म्याडम म्हणाल्या, "झोपलेलं म्हणजे कसं?"

"पिवळं दिसते. वासही येते. पण तोंडात गेल्यावर बोलून नाई राह्यलं."

अध्यक्ष खुर्चीवरून म्हणाले, "काही नाई, उत्तम हाय. म्या पाह्यलं."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आबा, तुमच्या तोंडात खर्रा हाय ना."

बाईंनी पळीभर वरण तळहातावर घेऊन चाटलं. त्यांचा चेहरा बदलला. "अवं माय. मीठच नाई."

मी म्हणाले, "तुमी टाकलं ना?"

"म्या झाकण उलटं पाह्यलं. तू टाकलं ना?"

"मीबी झाकण उलटं पाह्यलं."

आम्ही दोघी आत गेलो. झाकण उलटंच होतं. आणि डब्यामागे खिडकीत माझा डाव होता, मिठानं भरलेला, जसा मी ठेवला तसा. बाईंनी डावाकडे पाहिलं, मी बाईंकडे पाहिलं आणि मग जे झालं ते लिहिता येत नाही. मी गॅसच्या ओट्याला धरलं, बाईंनी मला धरलं, आणि दोघी खाली बसलो. बाई हसताना बोलू शकत नाहीत, आणि मला उचकी. बाहेरून म्याडम विचारत होत्या, काय झालं, आणि आम्हाला एक शब्द फुटत नव्हता. शेवटी मी डाव तसाच वर उचलून दारातून दाखवला. तेव्हा पंगतीत जो आवाज झाला, त्यानं छपरावरची कबुतरं उडाली.

मीठ टाकलं, ढवळलं. पण आता चव कोण पाहणार? अध्यक्षांचा प्रश्नच नव्हता. म्याडम म्हणाल्या, "जिनं ओळखलं तिनंच." मी वाटी भरली.

"उठलं का?" मी विचारलं.

तिनं घोट घेतला. "डोळे उघडले. पण अंग जड हाय."

बाईंनी आणखी मीठ टाकलं. पुन्हा वाटी.

"आता?"

"आता बसलं. उभं नाई राह्यलं."

पोरं गुडघ्यांवर उभी राहून पाहत होती. शेवटच्या रांगेतून आवाज आला, "अजून टाका, अजून टाका." कोठी म्हणणाराच तो, मला वाटतं. आणखी थोडं टाकलं, पुन्हा वाटी भरली. तिनं वाटी संपवली, तळाशी बोट फिरवलं, बोट चाटलं.

"उठलं," ती म्हणाली. "आता चालून राह्यलं."

तोपर्यंत तिच्या चार वाट्या झाल्या होत्या. कोण किती खातं ते पाहायचं नाही असा नियम आहे, पण मी मोजल्या.

अध्यक्ष उठले, बाहेर गेले, खर्रा थुंकला आणि टाकीवर तीन वेळा चुळा भरल्या. परत येऊन म्हणाले, "द्या बरं मलेबी." एक घोट घेतला आणि लगेच दुसरा घेतला. मग म्हणाले, "बाप्पा, हे तर चांगलं लागते." जणू इतकी वर्षं आम्ही त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. म्याडमनी वहीत त्या दिवशीचं उत्तम खोडलं आणि तिथे तिचं वाक्य लिहिलं, आधी झोपलं होतं, मग उठलं. अध्यक्षांनी त्याच्याखाली दुसरी सही केली. ती वही अजून आहे.

मग मी वाढायला सुरुवात केली. खरी गोष्ट आता होती. वाटीतली चव ही कामाची होती, ताटातलं तिचं स्वतःचं होतं. मी तिच्यापुढे आले, भात टाकला, वर वरण टाकलं, सांबार टाकला, आणि तोंड बंद ठेवून पुढे गेले. मागे वळून पाहिलं नाही. बाई माझ्याऐवजी पाहत होत्या आणि डोळ्यांनी सांगत होत्या. जेवून राह्यली. जेवून राह्यली.

रांग संपवून मी परत फिरले तेव्हा तिचं ताट रिकामं होतं. ती आजूबाजूला पाहत होती. मग तिनं ताट दोन्ही हातांनी उचललं, फार वर नाही, छातीएवढं.

"मावशी, अजून."

शेजारची पोरं थांबली. सगळ्यांना ते जुनं वाक्य पाठ होतं आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी पातेलं खाली ठेवलं आणि तिच्यासमोर उकिडवी बसले. माझा आवाज निघेल की नाही याची मलाच खात्री नव्हती.

"माह्यं चुकलं होतं वं माय," मी म्हणाले, "त्या दिवशी."

तिनं थोडा विचार केला. "मिठाचं?"

"नाई. कोठीचं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. पडलेल्या दातांच्या फटीतून जीभ एकदा बाहेर आली, आत गेली.

"हं," ती म्हणाली. "मंग वाढ ना."